भरतीरेषेपुढे कोरा नकाशा: कोकण किनाऱ्यावरील नियोजन, मासेमारी आणि ऊर्जा

दुपार कलली की हर्णैच्या पुळणीवर लिलाव सुरू होतो. धक्का नाही, म्हणून पुळणच इतकी वर्षे बंदराचे काम करत आली आहे. मोठ्या नौका सुवर्णदुर्गाच्या बाजूला नांगर टाकतात. मासळीच्या टोपल्या लहान होड्यांत उतरतात आणि होड्या उथळ पाण्यात आल्या की बैलगाड्या गुडघाभर पाण्यात जाऊन माल बाहेर काढतात. वाळूवर वाटे लागतात, बोली चढते, पाठीमागे टेम्पोजवळ बर्फाच्या लाद्या फोडल्याचा आवाज येत असतो. या गर्दीत थोडा वेळ उभे राहिले की फिरून फिरून तीनच गाऱ्हाणी कानावर पडतात: जेटी नाही, मासा नाही, डिझेल-बर्फ परवडत नाही.

गाऱ्हाणी सांगणारा माणूस एकच असला तरी सरकारदरबारी ती वेगवेगळ्या दारांनी आत जातात. जेटी हा बंदरे व नियोजनाचा विषय, मासा मत्स्यव्यवसाय विभागाचा, डिझेल-बर्फ-वीज अनुदानाचा आणि ऊर्जेचा. किनाऱ्यावर मोठा प्रकल्प येतो तेव्हाही हेच होते. जागा एक खाते ठरवते, पर्यावरण मंजुरी दुसरे देते आणि मासेमारीवर काय परिणाम होईल हा प्रश्न शेवटी तिसऱ्याच्या टेबलावर येतो. डहाणूजवळच्या झाईपासून वेंगुर्ल्याखालच्या रेडीपर्यंतच्या, परंपरेने ७२० किलोमीटर धरल्या जाणाऱ्या किनाऱ्यावर गेली साठ वर्षे जे वाद चालले आहेत, त्यांचा हा आढावा आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या २०१० च्या गणनेनुसार या किनाऱ्यावर ४५६ मच्छीमार गावे, सुमारे ८१ हजार मच्छीमार कुटुंबे आणि ३ लाख ८६ हजारांच्या आसपास माणसे होती. मुंबईचे कोळीवाडे हा स्वतंत्र विषय आहे, त्यामुळे इथे भर पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या चार जिल्ह्यांवर आहे.

जमिनीचे नियोजन, पाण्याची रेघ

राज्यात प्रादेशिक योजना तयार होतात त्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली. हा कायदा जमिनीच्या वापराचा आहे. शेती कुठे, वस्ती कुठे, उद्योग कुठे, रस्ता कुठून, हे त्याचे प्रश्न. समुद्र ही त्याच्या दृष्टीने हद्द. किनारी गावात मात्र निम्मा व्यवहार त्या हद्दीपलीकडे चालतो आणि उरलेला निम्मा नेमका हद्दीवर, म्हणजे होड्या ओढायच्या जागेत, जाळी विणायच्या सावलीत, मासळी सुकवायच्या खळ्यात. या जागा बहुधा सरकारी जमिनीवर असतात. त्यांची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्यांची असते, पण सातबारा नसतो.

ही रेघ पहिल्यांदा ओलांडली ती किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेने, म्हणजे बोलीभाषेतल्या सीआरझेडने. फेब्रुवारी १९९१ च्या मूळ अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यावर निर्बंध आणले. जानेवारी २०११ च्या अधिसूचनेने बारा सागरी मैलांपर्यंतचे पाणीही कक्षेत घेतले, त्याला चौथा वर्ग दिला आणि किनारा व्यवस्थापन नकाशांवर मासेमारीची क्षेत्रे व माशांच्या प्रजननाच्या जागा दाखवाव्यात असेही सांगितले. जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने निर्बंध सैल केले. दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त वस्ती असलेल्या ग्रामीण भागात बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आला आणि खाडीकाठची १०० मीटरची मर्यादाही ५० मीटर झाली. घरदुरुस्तीसाठी वर्षानुवर्षे परवानगी शोधणाऱ्यांना हा दिलासा होता. ही ढील हॉटेलांच्या आणि बंगल्यांच्या पथ्यावर पडेल, अशी भीती बाकीच्यांना वाटली. नकाशांवरच्या जनसुनावण्यांत मच्छीमार संघटनांची तक्रार मात्र एकसारखी होती: कोळीवाड्यांच्या हद्दी, सुकवणीच्या जागा, होड्यांच्या वाटा नकाशावर नीट आलेल्या नाहीत.

नियोजनाची दुसरी धारा न्यायालयातून आली. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले आणि न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी २०१९ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्याचे अध्यक्ष होते. याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवणचे बंदर नाकारले आणि २०२३ च्या जुलैमध्ये त्याच जागच्या नव्या बंदराला ना-हरकत दिली. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये विरोधातल्या याचिका फेटाळल्या आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मान्यता दिली आणि ऑगस्टअखेर पायाभरणी झाली. बंदराच्या बाजूने सांगितले जाते ते किनाऱ्याजवळ मिळणारी वीस मीटरची नैसर्गिक खोली आणि मोठ्या कंटेनर जहाजांसाठी देशाला हवे असलेले बंदर. त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालावा लागणार आहे. मच्छीमारांच्या दृष्टीने हा खडकाळ, उथळ पट्टा म्हणजे शेवंड, घोळ आणि इतर मासळीच्या वाढीची जागा आहे. चिंचणी-वरोर-वाढवण भागात घरोघरी चालणारा डायमेकिंगचा धंदाही या चर्चेत येतो, कारण तिथला संसार केवळ मासळीवर चालत नाही.

तिसरी धारा ताजी आहे. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने चारही जिल्ह्यांतल्या १,६३५ गावांसाठी सिडकोला नियोजन प्राधिकरण नेमण्याचा निर्णय घेतला. रेवस-रेडी सागरी महामार्गालगतच्या १३ विकास केंद्रांसाठी तेच काम राज्य रस्ते विकास महामंडळाकडे दिले गेले. बॅ. अंतुले यांच्या नावाशी जोडला गेलेला हा रस्ता खाड्यांवरच्या पुलांअभावी चार दशके तुकड्यातुकड्यांतच राहिला होता. पूल झाले तर मासळी बाजारात लवकर पोहोचेल, रुग्ण वेळेत दवाखान्यात जाईल, याबद्दल दुमत नाही. मतभेद आहे तो रस्त्यामागून येणाऱ्या जमिनीच्या व्यवहारांवर, आणि परवानगीचे अधिकार ग्रामपंचायतीकडून दूरच्या प्राधिकरणाकडे जाण्यावर.

पाण्यातली वाटणी

राज्यघटनेने समुद्र दोन भागांत कापला आहे. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते, त्यापुढे दोनशे मैलांपर्यंत केंद्राच्या. मासा ही रेघ ओळखत नाही आणि बोटीही ती सोयीने ओळखतात. बाहेर मारलेली मासळी म्हणून आत मारलेली मासळी बंदरात उतरते, हा आरोप गस्ती नौकांइतकाच जुना आहे.

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ मध्ये आला तो ट्रॉलर आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यातल्या संघर्षातून. त्याखालच्या नियमांनी किनाऱ्याजवळचे पाणी पारंपरिक मासेमारीला राखले आणि ते वावांच्या हिशोबाने, म्हणजे खोलीवर राखले. वाव हे तांडेलाचे, म्हणजे बोटीच्या प्रमुखाचे, स्वतःचे माप आहे. दोरीला शिसे बांधून तो पूर्वी खोली मोजत असे. नियम मच्छीमाराच्या भाषेत लिहिला गेल्याचे हे दुर्मीळ उदाहरण. प्रशासनाची अडचण अशी की खोली किनाऱ्याच्या प्रत्येक भागात वेगळी, आणि भरसमुद्रात पकडलेल्या बोटीखाली किती वाव पाणी होते हे नंतर सिद्ध करणे कठीण.

पर्ससीन जाळ्यांनी या भांडणाला नवे वळण दिले. ट्रॉलर तळ खरवडतो. पर्ससीन बांगडा-तारलीचा अख्खा थवा वर्तुळात घेऊन खालून बटव्यासारखी आवळते. मालवणची रापण किनाऱ्यावरून ओढली जाते आणि थवा जवळ येण्याची वाट पाहते. थवा बाहेरच आवळला गेला तर रापणीच्या दोरीला हात लावणाऱ्या चाळीस-पन्नास जणांचा वाटा जातो, असे गाबीत मच्छीमारांचे म्हणणे. पर्ससीनवाल्यांचे उत्तर असे की बांगडा आणि तारली हवामानाप्रमाणे येतात-जातात, आपल्या बोटींवर खलाशी, बर्फवाले, टेम्पोवाले अशी शेकडो घरे उभी आहेत, आणि शेजारच्या राज्यांतल्या बोटी येऊन तीच मासळी नेत असताना बंदी फक्त आपल्यावर का. डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या समितीच्या शिफारशींच्या आधारे राज्याने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीनवर आदेश काढला. हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणायचे ठरवले. तेव्हापासून हा आदेश दोन्ही बाजूंना अपुरा वाटतो: एकांना अंमलबजावणीत, दुसऱ्यांना न्यायात.

त्यापाठोपाठ एलईडी आली. बोटीवर जनरेटर बसवायचा, काळोख्या रात्री प्रखर दिवे पाण्यावर सोडायचे, उजेडाला मासा गोळा झाला की जाळे आवळायचे. पिल्लू आणि मोठा मासा एकाच उजेडाला येतात. केंद्राने १० नोव्हेंबर २०१७ च्या आदेशाने आपल्या हद्दीत एलईडी आणि जोडीने ओढायच्या ट्रॉलिंगवर बंदी घातली. राज्याने २०२१ मध्ये कायदा सुधारून दंड लाखांच्या घरात नेला आणि सुनावणीचे अधिकार तहसीलदाराकडून मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांकडे आणले. जानेवारी २०२५ पासून ड्रोनची टेहळणी सुरू झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने बारा मैलांपलीकडच्या पाण्यासाठी नवे नियम काढले. त्यांत एलईडी व जोडट्रॉलिंगवर पुन्हा बंदी आहे आणि सहकारी संस्थांना प्राधान्य देण्याची भूमिका आहे. दूरच्या समुद्रात जाण्याइतक्या मोठ्या बोटी कोणत्या संस्थांकडे आहेत, हा प्रश्न किनाऱ्यावर लगेच विचारला गेला.

बंदीकाळाबाबतही एकमत नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी लोटायची नाही ही जुनी चाल, आणि ती बहुतेक वर्षी ऑगस्टमध्ये येते. बंदी पौर्णिमेपर्यंत न्यावी ही मागणी त्यामुळे रूढी आणि मत्स्यविज्ञान या दोन्हींच्या आधाराने मांडली जाते. कर्जाचे हप्ते भरणाऱ्या बोटमालकाला पंधरा दिवस जास्त बंदी जड जाते, हेही तितकेच खरे.

संवर्धनाच्या बाजूने आणखी दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. आपल्याला न विचारता काढलेली रेघ, अशी स्थानिकांची भावना तेव्हापासून टिकून आहे. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा घोषित केले गेले. या माशासाठी प्रसिद्ध असलेल्या सातपाटीच्या सहकारी संस्थांची ती जुनी मागणी होती. लहान पापलेट मारू नये हे त्या गावाने आधीच सांगायला सुरुवात केली होती.

किनाऱ्याने दिलेली वीज

वीजप्रकल्प किनाऱ्यावर येतात त्याची कारणे साधी आहेत. थंड करायला अमाप पाणी, जहाजाने येणारा कोळसा किंवा वायू, आणि सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या पठारावरची, विरळ वस्ती. देशातले पहिले अणुवीज केंद्र तारापूरला १९६९ मध्ये सुरू झाले. पुढे ५४० मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. डहाणूला ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आले. दाभोळ खाडीच्या मुखाशी, गुहागर तालुक्यात अंजनवेलला एन्रॉनचा प्रकल्प उभा राहिला. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला, विजेच्या दरावरून राज्याचे बिनसले आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. २००५ नंतर तो रत्नागिरी गॅस अँड पॉवर या सार्वजनिक कंपनीच्या नावाने पुन्हा उभा राहिला. लगतच्या द्रवरूप वायूच्या टर्मिनलचा लाटरोधक बंधारा अपुरा राहिल्याने ते अनेक वर्षे पावसाळ्यात बंद ठेवावे लागे. जून आला की होड्यांप्रमाणे वायूची जहाजेही थांबत. जयगडला १,२०० मेगावॅटचे कोळशावरचे केंद्र २०१०-११ मध्ये सुरू झाले आणि हापूसच्या मोहरावर त्याचा परिणाम होतो का, यावर बागायतदार व कंपनी यांच्यात दीर्घ वाद झाला.

सर्वांत मोठा प्रस्ताव जैतापूरचा. राजापूर तालुक्यात माडबन परिसरात १,६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॅट. नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण मंजुरी आणि डिसेंबरमध्ये फ्रान्सशी करार झाला. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाची दुर्घटना घडली आणि एप्रिलमधल्या आंदोलनात गोळीबारात एकाचा मृत्यू झाला. समोरच्या साखरीनाट्यातल्या मच्छीमारांचे आक्षेप दोन होते. बाहेर सोडलेल्या कोमट पाण्याने मासा खाडीच्या तोंडापासून दूर जाईल, आणि सुरक्षा क्षेत्रामुळे नेहमीच्या वाटा बंद होतील. समुद्राचे पाणी वापरणाऱ्या नव्या औष्णिक केंद्रांसाठी देशातला सर्वसाधारण नियम सात अंशांपर्यंत फरक चालवून घेतो. भरतीला-ओहोटीला तो उष्मा किती मिसळतो, किती दूर जातो, हे गणिती प्रतिमानांवर ठरते, आणि मच्छीमाराचा त्या प्रतिमानांवर विश्वास नाही. प्रकल्पाच्या बाजूने मांडले जाते ते कर्बमुक्त विजेचे आकारमान आणि राज्याची वाढती गरज. अपघाताचे दायित्व कुणावर, यावरच्या २०१० च्या कायद्याने परदेशी पुरवठादार बिचकले. फ्रेंच कंपनीचा तांत्रिक-व्यावसायिक प्रस्ताव एप्रिल २०२१ मध्ये आला. भट्टी अजून उभी नाही, पण ९३८ हेक्टर जमिनीचे संपादन कधीच झाले आहे.

त्याच तालुक्यात तेलशुद्धीकरणाचा वाद घडला. सहा कोटी टन वार्षिक क्षमतेचा नाणार प्रकल्प २०१७ मध्ये अधिसूचित झाला आणि मार्च २०१९ मध्ये अधिसूचना रद्द झाली. २०२२ मध्ये बारसू-सोलगावची जागा पुढे आली. एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाच्या वेळी पोलीस बंदोबस्त आणि सड्यावर ठाण मांडून बसलेल्या बायका, ही दृश्ये राज्याने पाहिली. याच सड्यांवरची कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली होती. जांभ्याच्या उघड्या कातळाला सरकारी कागदावर पडीक म्हणावे की चराऊ, पाणलोटाचा माथा म्हणावा की वारसा, असा एक वेगळाच नियोजनाचा प्रश्न त्यातून पुढे आला.

किनाऱ्याला हवी असलेली वीज

मोठ्या प्रकल्पांच्या गलबल्यात किनाऱ्याची स्वतःची ऊर्जेची गरज मागे पडते. ती मुख्यतः दोन ठिकाणी आहे: बोटीच्या टाकीत आणि बर्फाच्या कारखान्यात.

यांत्रिक बोटीच्या फेरीत सर्वांत मोठा खर्च डिझेलचा. मासा जवळ मिळेनासा झाला की बोट लांब जाते, लांब गेली की डिझेल जास्त जळते आणि फेरी वसूल करायला जास्त मासा मारावा लागतो. राज्य सरकार डिझेलवरचा विक्रीकर संस्थांमार्फत परत करते. हा परतावा उशिरा येतो ही प्रत्येक सभेतली तक्रार. त्याच्या मुळाशी एक न सोडवलेला पेच आहे. परताव्याविना लहान बोटमालक टिकत नाही, आणि इंजिनाच्या ताकदीनुसार मिळणारा कोटा मोठ्या इंजिनाला जास्त हात देतो.

बर्फाचे गणित विजेवर चालते. मासळीचा भाव पहिल्या काही तासांत ठरतो आणि बर्फ नसेल तर मालाला पडेल तो दर घ्यावा लागतो. पावसाळी वाऱ्यात तार तुटली की आडगावात लाइट किती दिवसांनी येईल याचा नेम नसतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीतल्या अनेक गावांनी कित्येक आठवडे काळोखात काढले. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेले. राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पातून अलिबाग, रत्नागिरी, सातपाटी येथे भूमिगत वीजवाहिन्यांचे काम हाती घेतले गेले. खाडीकाठच्या विखुरलेल्या वाड्यांना ते कधी परवडेल, हे अनुत्तरित आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. शेतीच्या दराने वीज, कर्ज आणि विम्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला. बर्फाच्या कारखान्याच्या बिलात आणि बंदरातल्या बर्फाच्या भावात ही सवलत उतरते का, यावर त्या निर्णयाचे मोल ठरेल.

तारापूर, अंजनवेल, जयगड ही नावे राज्याच्या वीज नकाशावर ठळक आहेत आणि त्यांच्या शेजारच्या वाड्यांत पावसाळ्यात दिवा जातो. या विसंगतीचा दोन्ही बाजू आपापल्या परीने अर्थ लावतात. विरोधक म्हणतात, वीज बाहेर जाते आणि राख इथे राहते. समर्थक म्हणतात, वितरणाचे दुखणे वेगळे, निर्मितीचे वेगळे, एकाचा राग दुसऱ्यावर काढू नये.

चार भूमिका

पहिली भूमिका प्रकल्पवाद्यांची. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया, म्हणजे पुरुष कामासाठी बाहेर. चाकरमान्यांच्या पैशावर आणि गणपती-शिमग्याच्या गर्दीवर जिल्हा चालत नाही, असे ही बाजू सांगते. राजापुरात शुद्धीकरण प्रकल्पाला संमतिपत्रे देणारे जमीनमालक होते आणि त्यांना सरसकट दलाल म्हणणे अन्यायाचे होईल.

दुसरी भूमिका मासे आणि आंबा-काजूवर उभी. किनारा आधीच उत्पादक आहे, त्याला जेटी, शीतगृह, प्रक्रिया, पतपुरवठा द्या, असे तिचे म्हणणे. तिच्यापुढचा प्रश्न म्हणजे शिकलेल्या मुलांना बोटीवर जायचे नाही. आज रत्नागिरीच्या बोटींवर खलाशी नेपाळहून येतात. व्यवसाय टिकला तरी तो कोणाच्या हातून टिकेल, याचे उत्तर ही बाजू अजून शोधते आहे.

तिसरी भूमिका वहनक्षमतेची. पश्चिम घाट परिस्थितिकी तज्ज्ञ समितीकडे, म्हणजे डॉ. माधव गाडगीळ यांच्या समितीकडे, रत्नागिरी व सिंधुदुर्गाचा विषय खास सोपवला होता. २०११ च्या अहवालात समितीने म्हटले की एकेका प्रकल्पाचा अभ्यास पुरेसा नाही, साऱ्यांचा एकत्रित भार मोजला पाहिजे, आणि तोवर या जिल्ह्यांत खाणी, प्रदूषणकारी उद्योग व वीजप्रकल्पांना नव्या मंजुऱ्या देऊ नयेत. लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीच्या सांडपाण्याने दाभोळ खाडीतल्या मासेमारीचे काय झाले, हे तिने पुरावा म्हणून मांडले. त्यानंतरच्या कस्तुरीरंगन कार्यगटाचा भर सह्याद्रीतल्या संवेदनशील क्षेत्रावर राहिला आणि किनाऱ्याच्या एकत्रित मोजमापाचा मुद्दा मागे पडला.

चौथी भूमिका वाटाघाटीची. प्रकल्प येणारच असतील तर मच्छीमाराचा समुद्रातला हक्क मान्य करून भरपाई द्या, हा तिचा आग्रह. तिला न्यायालयांनी बळ दिले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये जेएनपीटी परिसरातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटींहून अधिक भरपाई देण्याचा आदेश दिला. ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने भरपाईचे धोरण ठरवायला सांगितले. टीकाकारांना भीती अशी की भरपाईचा दर ठरला की समुद्राला किंमत चिकटते, आणि ती भरली की प्रश्न मिटला असे मानले जाते.

या चार बाजू म्हणजे चार गट नव्हेत. पर्ससीनवर एकमेकांशी भांडणारे मच्छीमार बंदराविरुद्ध एकाच मोर्चात चालतात आणि एकाच घरात मुलगा प्रकल्पाच्या नोकरीकडे, बाप जाळ्याकडे डोळे लावून असतो.

जे सुटलेले नाही

पहिला प्रश्न मोजणीचा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये राज्यात २ लाख १ हजार टन सागरी मासळी उतरली. आदल्या वर्षी ती २ लाख ९५ हजार टन होती, आणि हा पंचेचाळीस वर्षांतला नीचांक ठरला. त्या वर्षी क्यार आणि महा या वादळांनी मासेमारीचे दिवस खाल्ले. घट वादळाची किती, अतिमासेमारीची किती, तापलेल्या पाण्याची किती, हे एका आकड्यातून निघत नाही. राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचे आकडे वेगळ्या पद्धतीने येतात आणि बरेच मोठे असतात. परवाने कमी करायचे की डिझेलचा कोटा वाढवायचा, हे कोणता आकडा हाती धरला त्यावर बदलते.

दुसरा प्रश्न हक्काचा. जमिनीला मालक असतो, म्हणून संपादनाचा कायदा लागू होतो. समुद्रातल्या नेहमीच्या जाळ्याच्या जागेला वहिवाटीपलीकडे नाव नाही. न्यायालयांनी ती वहिवाट प्रकरणागणिक मान्य केली, पण कायद्यात तिची नोंद कशी करायची हे ठरलेले नाही. मासळी विकणाऱ्या आणि सुकवणाऱ्या बायकांचे नुकसान तर बोटींच्या नोंदवहीत दिसतच नाही.

तिसरा प्रश्न बेरजेचा. पर्यावरण मंजुरी प्रकल्पागणिक मिळते. एकाच खाडीवर वीजकेंद्र, कोळशाचा धक्का, रासायनिक वसाहत आणि महामार्गाचा पूल आला तर चारांचा मिळून अहवाल कोणी लिहायचा, याची जबाबदारी कोणावरही नाही.

चौथा प्रश्न समुद्राच्या आराखड्याचा. सागरी अवकाश नियोजन, म्हणजे पाण्यातल्या वापरांची जमिनीसारखी आखणी, भारताने नॉर्वेच्या सहकार्याने पुदुच्चेरी आणि लक्षद्वीपमध्ये प्रायोगिक पातळीवर हाती घेतले. कोकणात ते यावे का, यावर मच्छीमारांतच दोन मते आहेत. एकांच्या मते आपली जागा नकाशावर आली की ती वाचेल. दुसऱ्यांच्या मते समुद्र चौकटींत वाटला की मोठ्या चौकटी मोठ्यांना जातील, मालवणच्या अभयारण्यासारखी आणखी एक रेघ आपल्यावर ओढली जाईल.

या साऱ्यात एक काम मात्र नव्या कायद्याविना होण्यासारखे आहे. मासेमारीची क्षेत्रे आणि प्रजननाच्या जागा किनारा व्यवस्थापन नकाशावर दाखवाव्यात, हे २०११ पासून लिहिलेले आहे. किनाऱ्यावरच्या प्रत्येक तांडेलाला खडक, खळगा, गाळाची जागा, कोणत्या महिन्यात कुठे जाळे टाकायचे हे नावानिशी ठाऊक असते, आणि किती वाव पाण्यात हेही. प्रकल्प हवा म्हणणारा आणि नको म्हणणारा, दोघेही आज ज्या नकाशावर बोट ठेवून भांडतात त्यावर भरतीरेषेपुढे एकच निळा रंग आहे. त्या निळ्यात ही नावे आली म्हणून वाद मिटणार नाही. पण बंदराचा भराव कशावर पडतो आणि वीजकेंद्राचे कोमट पाणी कुठे जाऊन मिसळते, हे निदान दोन्ही बाजूंना एकाच कागदावर बघता येईल.